पाणटिवळे संध्याकाळी जातात

आपा, मी आता संध्याकाळी जाते. तुला हे कळलं असतं तर आधी हसली असतीस आणि मग मला चांगलं फैलावर घेतलं असतंस, की नंदा, आपण दोघी होतो तेव्हा तुला सतरा कारणं सुचायची, आणि आता एकटी बरी निघालीस! रस्त्याचं काम चालू आहे, ट्रक अंगावर येतात, दिवे लागायच्या आत घरी पोचलं पाहिजे. सगळी माझीच कारणं. ट्रक अजून तसेच येतात. मी फक्त स्कूटी काढत नाही, पैठणची एसटी धरते, फाट्यावर उतरते आणि काठापर्यंत चालत जाते. पहिल्या दिवशी आमच्या ह्यांनी विचारलं, कुठं निघालीस. मी म्हटलं, आपाकडं. ते चष्मा पुसत बसले.

काठ आपलाच, नाथसागराच्या फुगवट्याचा. पावसाळा सरला की धरणाचं पाणी हळूहळू मागं सरकतं आणि मऊ काळा चिखल उघडा पडतो. त्या चिखलात हिवाळाभर चोची खुपसत फिरणारे आपले पाहुणे. कुठल्या कुठल्या बर्फाच्या मुलखातून येतात आणि उन्हं तापली की परत निघून जातात. आपण इतकी वर्षं त्यांना बघितलं, पण जाताना कधीच बघितलं नाही. एका रविवारी चिखल भरलेला असायचा, पुढच्या रविवारी रिकामा. मला या वर्षी त्यांना जाताना बघायचं होतं. तुझं जाणं बघायला मिळालं नाही, म्हणून. हे मी सरळ सांगते, तुझ्याशी आडपडदा कसला.

आणि दुसरं म्हणजे मला तुझ्याशी भांडायचं होतं. तू मला सांगितलं का नाहीस? एवढंच विचारायचं आहे. तुझ्या घरी हे विचारता येत नाही, तिथं सगळे आधीच रडताहेत. माझ्या घरी विचारलं तर हे म्हणतात, जाऊ दे आता. काय जाऊ दे?

त्या सकाळी वसीमचा फोन आला. मी लॅबमध्ये होते, उपाशीपोटीच्या रक्तासाठी लोकांची रांग लागलेली. तुझा मुलगा एरवी 'नंदा खाला, कैसे हो' केल्याशिवाय बोलत नाही. त्या दिवशी नुसता म्हणाला, "खाला, अम्मी गई." मी म्हटलं, नांदेडला? माझ्या लेखी तर तू नांदेडलाच होतीस ना. लेकीकडं, गुडघ्याचं दाखवायला. वसीम म्हणाला, नाही खाला, इथंच. इथंच म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका दवाखान्यात. ईद झाल्यापासून. माझ्या हातात सिरिंज होती आणि समोर एक म्हातारे गृहस्थ बाही वर करून बसले होते. मी त्यांचं रक्त घेतलं, कापूस लावला, हात दुमडून धरा म्हटलं. मग मागच्या खोलीत गेले.

तुझ्या घरी पोचले तोवर तुला न्हाऊ घालून झालं होतं. चेहरा बघितला. कापराचा वास होता. तुझे ओठ इतके पांढरे होते की माझ्या मनात पहिला विचार आला तो हिमोग्लोबिनचा, बघ आपली लॅबवाल्यांची जात. मग पुरुषांनी तुला उचललं. आमच्यात आता बायका स्मशानापर्यंत जातात. तुमच्यात नाही. मी दारातल्या बायकांमध्ये उभी राहिले, आणि जनाजा गल्लीच्या तोंडाशी जाऊन डावीकडं वळला. तेवढंच. मी कितीतरी वेळ त्या वळणाकडं बघत होते. एक भाजीची गाडी आली, एक मुलगी दप्तर घेऊन आली, कोणीतरी स्कूटर पुसत होतं. मला वाटत राहिलं की अजून काहीतरी व्हायचं बाकी आहे, मला बघायचं ते अजून झालं नाही. ते वाटणं काही गेलं नाही, आपा. घरात पंखा बंद केला की वाटतं, पाठ वळली की वाटतं.

औरंगपुऱ्यातल्या त्या लॅबच्या मागच्या खोलीत आपण दोघी शेजारी शेजारी मायक्रोस्कोपला डोळे लावून बसायचो. मी आले तेव्हा मला स्लाइडवर रक्ताचा थेंब नीट पसरवताही यायचा नाही. तू माझा अंगठा धरून शिकवलंस. मी तुम्ही-तुम्ही करायचे तर म्हणालीस, ए, तू म्हण, तुम्ही म्हटलंस की मला हेडमास्तरीण झाल्यासारखं वाटतं. तू मराठीत रागवायची नाहीस. रागावलीस की दखनीत शिरायचीस. "कायकू इत्ती जल्दी करती तू? खून है, चटनी नहीं." हे वाक्य मी आता नव्या मुलींना ऐकवते. त्यांना वाटतं ते माझंच आहे.

पक्ष्यांचं खूळ डोळ्यांच्या डॉक्टरनं लावलं. तुझं डोकं दुखायचं. तो म्हणाला, बाई, सारखं जवळचं बघून डोळे आखडले आहेत, आठवड्यातून एकदा लांबचं बघत जा. दुसरी कोणी असती तर गच्चीवर जाऊन उभी राहिली असती. तू भावाची जुनी दुर्बीण आणलीस आणि मला म्हणालीस, रविवारी सकाळी ये, लांबचं बघायला जायचंय. मला वाटलं दौलताबाद. तू आणून उभं केलंस चिखलात.

पहिल्यांदा मला सगळे सारखेच दिसले. मातकट रंगाचे, लांब पायांचे, खाली मान घालून खाणारे. तू म्हणालीस, स्लाइडवरच्या पेशीही तुला पहिल्यांदा सारख्याच दिसल्या होत्या, आकार बघ, चोच बघ, चाल बघ. मग दिसायला लागले. शेकाट्या लाल काडीसारख्या पायांवर उभा. तुतारी शेपूट नाचवत पळणारी. आणि लांब सरळ चोचीचे पाणटिवळे, थव्यानं राहणारे, सारखी आपसात कुरबुर करणारे. ते तुझे लाडके. आपल्यासारखेच आहेत म्हणायचीस, एकत्र खातात आणि खाताना भांडतात.

गयाबाईची ओळखही त्या पहिल्याच हिवाळ्यातली. तिची जमीन धरणात गेलेली. पाणी ओसरलं की उघड्या पडणाऱ्या गाळात ती घरच्यांसोबत पेरा करते, कधी हरभरा, कधी टरबूज. जमीन कागदावर सरकारची. म्हणून दोन बायका दुर्बिणी लावून बांधावर उभ्या दिसल्या तेव्हा तिला वाटलं, पाटबंधाऱ्याच्या मॅडम मोजणीला आल्या. तिनं पाण्याची मोटर कडब्याखाली लपवली आणि मग आपल्यासाठी चहा घेऊन आली. कपबशीतून. तू सांगितलंस की आम्ही पक्षी बघायला आलो, तर ती म्हणाली, व्हय व्हय, बघा की. तिचा काही विश्वास बसला नाही. पुढची दोन-तीन वर्षं ती आपल्याला बघून हळूच विचारायची, औंदा मोजनी हाय का बाई? आणि तू गंभीर चेहऱ्यानं म्हणायचीस, यंदा फक्त पाखरांची. परत येताना आपण स्कूटीवर इतक्या हसायचो की मला गाडी बाजूला घ्यावी लागायची.

आपलं मोठं भांडण त्यांच्या जाण्यावरून. तू कुठंतरी वाचलं होतंस की हे पक्षी सूर्य मावळताना निघतात. सगळे एकत्र ओरडतात, एकमेकांना उठवतात, वर घिरट्या घेतात आणि मग उत्तरेला लागतात. मी म्हणायचे, काही नाही, चोरासारखे जातात, कोणाला न सांगता. नाहीतर दर वर्षी आपल्याला रिकामा चिखल कसा दिसला असता? तू म्हणायचीस, अगं, आपण येतो सकाळी, त्यांना काय आपल्या सोयीनं निघायचंय? एकदा संध्याकाळी येऊ या. मी म्हणायचे, पुढच्या वर्षी. आपल्याला लॅबच्या कामानं पहाटे उठायची सवय, आणि पक्षी बघायचे ते सकाळीच असं डोक्यात पक्कं बसलेलं. इतकी वर्षं आपण त्यांचा निरोप चुकीच्या वेळेला घ्यायला जात होतो.

या वर्षी रमजान लवकर आला. तू रोजे धरून एका रविवारी आलीस, बांधावर बसलीस आणि पाणटिवळ्यांकडं बघत राहिलीस. त्यांना रंग चढायला लागला होता. जायच्या आधी मानेवर, छातीवर विटकरी झाक येते ना, ती. तू म्हणालीस, सजताहेत बघ, शादी को जा रहे. खाऊन खाऊन गोल झाले होते. आणि तू वाळली होतीस. नखं पांढरी होती. मी बघितली, आपा, खोटं कशाला बोलू. मी म्हटलं, रोज्यानं अशक्त झालीस, पहाटे सहरीला नीट खात जा, खजूर खा. तू म्हणालीस, हौ, खाते.

आता सांगते माझं म्हणणं. लॅबमध्ये आपला एक नियम होता, तूच घातलेला. आपल्या माणसाची स्लाइड आपण बघायची नाही, दुसरीनं बघायची. माया आली की डोळ्याला नको ते दिसत नाही, असं म्हणायचीस. माझ्या आईचं रक्त आलं तेव्हा तू माझी खुर्ची मागं ओढलीस आणि स्वतः बसलीस. खूप वेळ बघितलंस. मग उठून माझं मनगट धरलंस, जिन्यात नेलंस, पायरीवर बसवलंस आणि सगळं सांगितलंस. एकही शब्द गोड न करता. मी आजवर त्यासाठी तुझे उपकार मानते, तुला कधी म्हटलं नाही, पण मानते. आई गेली तेव्हा मी तयार होते. तिच्याशी बोलून झालं होतं, तिला हवं ते खाऊ घालून झालं होतं, तिचा हात हातात होता. ते तुझ्यामुळं.

मग तुझी वेळ आली तेव्हा? नियमानं तुझी स्लाइड मी बघायला पाहिजे होती. वसीमनं सांगितलं, तू रक्त जालन्याला पाठवलंस. जालन्याला! आपली लॅब तुझ्या घरापासून रिक्षानं पाच मिनिटांवर, आणि रक्त गेलं जालन्याला, का तर ते नंदाच्या हातात पडू नये. रिपोर्ट आला तो तू एकटीनं वाचलास. तुला तर डॉक्टरची गरजच नव्हती, पहिल्या ओळीतच तुला कळलं असणार. मग तू घडी घालून ठेवलास आणि स्वयंपाकाला लागलीस, असं वसीम म्हणाला. शेवया केल्यास. त्या ईदच्या शेवया मी तुझ्या घरी बसून खाल्ल्या, दोनदा मागून घेतल्या.

मी रात्री पडल्या पडल्या तुझ्या बाजूनंही वाद घालते. तू म्हणतेस, नंदा, नियम काय होता? माया असेल तिनं बघायचं नाही. मग तुला कशी दाखवू? मी म्हणते, हे बरं, नियम तूच घालायचा आणि अर्थही तूच लावायचा. तू म्हणतेस, हौ. आणि तिथं मी अडकते, कारण तुझं बरोबरच वाटायला लागतं आणि तरी राग जात नाही.

आणि ते फोन! रोज दुपारी तुझा नांदेडहून फोन यायचा. नातवंडांनी काय केलं, लेकीनं काय शिजवलं, तिथं ऊन किती. एकदा मागं टिंटिं असा आवाज ऐकू आला. मी विचारलं, काय वाजतंय? तू म्हणालीस, मायक्रोवेव्ह. आपा, मी जन्मभर दवाखान्यांत वावरलेली बाई. सलाईनच्या मशीनचा आवाज मला झोपेत ओळखू येतो. आणि मी म्हटलं, काय गरम करताय? तू म्हणालीस, खिचडी. आता घरात कुठंही काही वाजलं, वॉशिंग मशीन, शेजारच्यांची गाडी, की मला तुझा आवाज ऐकू येतो, खिचडी. स्पष्ट. मान वळवून बघावं इतका स्पष्ट.

तर मी संध्याकाळी जायला लागले. पहिल्या दिवशी पोचले तेव्हा उन्हं उतरत होती. चिखलावर पक्षी होते, पण पुष्कळ गेलेले. मोठे थवे तू असतानाच गेले असणार. पाणटिवळ्यांचा एक घोळका उरला होता, पाण्याच्या कडेला. मी बांधावरच्या आपल्या दगडावर बसले, दुर्बीण लावली आणि सवयीनं म्हटलं, त्या डाव्या बाजूच्याला रंग बघ किती चढलाय. कोणी 'हूं' म्हटलं नाही. मी दुर्बीण खाली घेतली नाही, कारण खाली घेतली असती तर बाजूला बघावं लागलं असतं. तशीच बसून राहिले. त्या दिवशी कोणी गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी अंधारून येताना मला बांधावर कोणीतरी येताना दिसलं. डोक्यावरून पदर, हळू चाल, एका गुडघ्यावर जोर न देता. मी उठून उभी राहिले. मी हाकच मारणार होते, आणि कोणत्या नावानं ते तुला माहीत आहे. जवळ आली तेव्हा कळलं, गयाबाई. तिचाही गुडघा धरलाय म्हणे यंदा. ती माझ्या शेजारी बसली. मी मनातून चिडले. मला एकटीला बसायचं होतं. तिनं तुझं नाव काढलं नाही, मीही काढलं नाही. चहा आणला होता, तो प्यायले. एसटीच्या वेळेपर्यंत ती बसून राहिली आणि मग फाट्यापर्यंत माझ्याबरोबर चालत आली, लंगडत.

मग हे रोजचंच झालं. मी येऊन बसले की थोड्या वेळानं गयाबाई यायची. कधी टरबुजाची फोड, कधी चहा, कधी नुसतीच. बोलायची कमी. मी एकदा तिला म्हटलंही, तुमची कामं असतील, तुम्ही जा. ती म्हणाली, व्हत्यात कामं. आणि बसून राहिली. मला राग यायचा, आपा. तिचा श्वास ऐकू यायचा, बांगड्या वाजायच्या आणि मला जे ऐकायचं होतं ते हातून सुटायचं. तिथं मला तू ऐकू येतेस, हे कोणाला सांगायची सोय नाही. 'चुप बैठ नंदा, उड जाएंगे.' असं अगदी कानाशी. वाऱ्यानं वाळलेलं गवत हलतं, दुसरं काही नसतं, मला समजतं. पण समजून काय होतं?

काल ते गेले.

सूर्य टेकला होता. पाणटिवळे दिवसभर अस्वस्थ असावेत, कारण मी गेले तेव्हाच त्यांचं खाणं थांबलेलं होतं. पाण्यात उभे राहून पंख धूत होते, चोचीनं पिसं साफ करत होते, गावाला निघालेल्या माणसासारखे. मग एकानं आवाज दिला. मग दुसऱ्यानं. बघता बघता सगळा घोळका ओरडायला लागला. आपा, तू म्हणत होतीस तसंच. मी चोरासारखे म्हणायचे, आणि ते तर गाव गोळा करत होते. एकदम उठले, पाण्यावरून एक मोठा वळसा घेतला, परत खाली आले. मला वाटलं रद्द केलं. काही उतरले, काही उतरलेच नाहीत, वरूनच हाका मारत राहिले. खालचे पुन्हा उठले. पुन्हा वळसा, आणखी वर. आमच्या डोक्यावरून गेले तेव्हा पंखांचा आवाज आला. मग वर जाता जाता त्यांची एक वाकडीतिकडी रांग झाली आणि ती उत्तरेला लागली, आपल्या शहराच्या दिशेनं. मी दुर्बीण डोळ्यांवरून काढली नाही. ठिपके झाले, मग दिसेनासे झाले, आणि तरी त्यांचं ओरडणं थोडा वेळ येत होतं. मग तेही थांबलं.

एक उरला होता. मागं, चिखलात, एकटा. त्याला रंग चढलेला नव्हता. तू सांगितलं होतंस की लहान असतात ते पहिल्या उन्हाळ्यात कधी कधी जात नाहीत, इथंच राहतात. तो थोडा पळाला, थांबला, वर बघितलं. मग मान खाली घालून खायला लागला. मला त्याच्याकडं बघवेना.

मला वाटलं होतं की बघितलं की बरं वाटेल. गल्लीच्या वळणावर राहून गेलं ते पूर्ण होईल. काही झालं नाही, आपा. ते सगळे एकमेकांना सांगून गेले, आणि तू मला सांगितलं नाहीस. उलट आणखी राग आला. मी रडत होते, आणि शेजारी गयाबाई बसलेली, आणि मला ती नको होती. मी तिच्यावर घसरलेच. म्हटलं, तुम्ही रोज कशाला येऊन बसता इथं? मला एकटीला बसू द्या की जरा.

गयाबाई म्हणाली, "आपांनी सांगितलंय."

मग ती सांगायला लागली. ईदनंतर एका संध्याकाळी वसीमच्या गाडीतून तू आलीस. चालवत नव्हतं. वसीमनं आणि गयाबाईनं दोन्हीकडून धरून तुला या दगडावर आणून बसवलं. हाताला सुई टोचायची नळी तशीच होती, वर पट्टी. त्या दिवशी मोठा थवा गेला. तू बघत होतीस, आणि हसत होतीस म्हणे, तोंडावर पदर धरून. जाताना तिला म्हणालीस की नंदा येईल. एकटी येईल, संध्याकाळचीच येईल, आणि माझ्यावर चिडून येईल. तिला एकटीला बसू देऊ नकोस. ती जा म्हणेल, तरी जाऊ नकोस.

मी म्हटलं, आणि हे तुम्ही मला इतके दिवस सांगितलं नाही? ती म्हणाली, तुमी इचारलंच नाय.

मग मी ते विचारलं, जे मला कोणालाच विचारता येत नव्हतं. तिनं मला का सांगितलं नाही, गयाबाई? मला वाटलं ही काय सांगणार. पण तिनं तुला हेच विचारलं होतं. म्हणे, मी म्हनलं त्यान्ला, तुमीच सांगा की बाईंला, असं काय करता.

"तर म्हनल्या, तिला सांगितलं की ती माझ्याशी भांडायची बंद हुईल. गोड बोलंल. मला रोज तिचा फोन पायजे, तसाच, भांडनाचा. त्येवर मी जगून ऱ्हायले म्हनल्या."

मला त्या फोनवर मी काय काय बोलले ते आठवलं. तू नांदेडला जाऊन बसलीस म्हणून टोमणे मारले. या वर्षी पक्षी तुझ्याशिवाय बघावे लागणार म्हणून कटकट केली. गुडघ्याचे लाड फार झाले म्हटलं. आणि तू तिकडून दखनीत मला झाडत होतीस, हसत होतीस, हाताला सुई आणि शेजारी ते मशीन. माझ्या आईशी मी शेवटी फार गोड बोलले, आपा. ती मला एकदा म्हणाली होती, तू मला परक्यासारखी का वागवतेस गं? हे मी जिन्यात बसून तुलाच सांगितलं होतं.

गयाबाईनं माझ्या पाठीवर हात ठेवला. जड, मातीचा हात. मी मनसोक्त रडले. तिनं उगी म्हटलं नाही, की झालं गेलं म्हटलं नाही. चिखलात तो एकटा पक्षी आता दिसत नव्हता, अंधार झाला होता, पण चोच चिखलात जातानाचा बारीक आवाज येत होता. एसटी केव्हाच गेली होती. गयाबाई म्हणाली, पोराला सांगते, सोडील मोटारसायकलीवर घरापतुर. मी उठले, साडी झटकली.

चालता चालता तिनं विचारलं, "पाखरं तर गेली समदी. आता उद्या कशाला येता?"

मी म्हटलं, "भांडायला."

ती म्हणाली, "या मग."